लिस्बनचं वासरू

४ मे, पहाटे ५.४०
आजपासून रोजनिशी. लिस्बनला जाईपर्यंत एक दिवसही चुकवायचा नाही. नैरोबीत २७ जूनला सिलेक्शन. आठशे मीटर, पहिल्या तिघी लिस्बनच्या शर्यतीला. माझं वय पासपोर्टवर तेहतीस, आईच्या हिशेबाने छत्तीस. गुडघा आईच्या बाजूचा आहे. पण अनुभव कुणाकडे आहे?
नियम : चहात साखर एकच चमचा.

९ मे
चार दिवस लिहिलं नाही. विश्रांतीही ट्रेनिंगच असते. साखर तीन चमचे.
आईचा गावाहून फोन. 'दोहा' व्यायली. कालवड झाली. म्हणाली, नाव काय ठेवू? आमच्याकडे पळणारीने ज्या शहराच्या कमाईवर गाय घेतली, त्या शहराचं नाव गाईला. ऑस्लो, दोहा, झुरिक. मी म्हटलं, थांब, लिस्बनहून आल्यावर ठेवू.

१० मे
एक गोष्ट इथेच लिहिते, कारण हे कुणी वाचणार नाही. ऑस्लो, दोहा, झुरिक कुठेच मी जिंकलेले नाही. तिन्हीकडे वेग लावून द्यायला भाड्याने गेले होते. दीड लॅप पुढे पळायचं, मग बाजूला होऊन आत वळायचं. आईला वाटतं जिंकले. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लिस्बनला खरंच जिंकले की जुना हिशेब आपोआप मिटेल.

१४ मे
इथे इटेनमध्ये फाट्यावरून सकाळी सहाला पळणाऱ्यांचा ग्रुप सुटतो. कुणी कुणासाठी थांबत नाही. आज दुसऱ्याच चढावर मागे पडले. मुद्दाम. मागून सगळ्यांच्या चुका दिसतात.
जेमेली एकोणीस वर्षांची. मागच्या वर्षी मला ताई म्हणायची. आज मावशी म्हणाली, वर विचारते, मावशी, तुम्हाला मोटरसायकल सांगू का? कार्टी! वेळ आल्यावर पाय बोलतील.

२ जून
पाय बोलले. डावा गुडघा रात्रभर बोलत होता.
कोच किमैयो म्हणाले, जेलागट, मुलींना शिकवायला लाग, तुझ्यासारखी वेगाची जाण कुणाला नाही. मी हसले. चॅम्पियनला शिट्टी देतात होय?

१९ जून
कोचना पटलं! आज बाजूला घेऊन म्हणाले, सिलेक्शनला सहाशेपर्यंत तूच पुढे राहा, एकसारखा वेग ठेव, पुढचं पुढे बघू. म्हणजे माझ्यासाठी डाव आखलाय. जेमेलीला फक्त एवढंच सांगितलं की जेलागटच्या मागे राहा. बिचारी. तिला माझी पाठच बघावी लागणार.

२६ जून, नैरोबी
हीटमध्ये चौथी. रडतखडत म्हणाले लोक. दम राखून पळाले होते. फायनलमध्ये आहे, हे महत्त्वाचं.
आईचा फोन. शेजाऱ्यांच्या रेडिओवर सगळी आळी ऐकणार आहे. देवा, एकदाच. खरंच, एकदाच.

२७ जून
सहाशे मीटर मी पुढे होते. लाउडस्पीकरवर नुसतं जेलागट, जेलागट. पाय आत वळायला लागले, सवयीने. मी त्यांना ओढून ट्रॅकवर ठेवलं. मग जेमेली गेली. मग सगळ्याच गेल्या. शेवटचे दोनशे मीटर मला आठवत नाहीत, फक्त एवढंच आठवतं की मी पोचले तेव्हा माणसं पुढच्या शर्यतीचे अडथळे मांडत होती आणि एकाने मला हाताने सांगितलं, बाई, बाजूने.
जेमेली पहिली. मिठी मारून रडली. म्हणाली, मावशी, तुमच्यामुळे. कोचनी खांद्यावर हात ठेवला. डाव कुणासाठी होता ते तेव्हा कळलं. खरं तर १९ तारखेलाच कळलं होतं.

२९ जून, गावी
गाडीतून उतरले तर रस्त्यावर अख्खं गाव. बायका गात होत्या. आईच्या हातात भोपळा, आत मुरसिक. कोळसा घासलेल्या भोपळ्यातलं हे आंबट दूध जिंकून आलेल्यांनाच पाजतात.
रेडिओचे सेल सहाशे मीटरला संपले होते. तोवर मी पुढे होते, मग आणखी काय ऐकायचं, असं म्हणून गाव नाचायला लागलं. आईने भोपळा माझ्या ओठांना लावला. मी प्यायले. सगळ्यांसमोर, घटाघट. इतकं आंबट दूध मी जन्मात प्यायले नाही.

३० जून
आईला सगळं सांगितलं. ऑस्लोपासून. ती शेंगा निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, गाई दूध देतात ना? मी म्हटलं, देतात. म्हणाली, मग भाड्याने गेलीस तरी गेलीस की. मला खूप रडू आलं.
वासराचं नाव आता लिस्बन नको, दुसरं ठेवू या, म्हटलं. ती म्हणाली, वेडी की काय, परवापासून लिस्बन म्हणून हाक मारतेय, आता ओ देतं ते.

१ जुलै
लिस्बनला ओढ्यावर पाणी पाजायला नेलं. दावं हातातून सुटलं, ते उधळलं. मीही पळाले. सहाशे मीटर त्याच्या पुढे होते.
साखर चार चमचे.