खरखर, घूं आणि शूं

रविवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ७.४०

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजतागायत: दाराची बेल. व्होल्टेज स्टॅबिलायझर. स्पीकरच्या दोन पेट्या, एकही खिळा न वापरता. इस्त्रीची वायर (दोनदा). वीज गेल्यावर आपोआप लागणारा दिवा. वीज असतानाही लागतो. सगळं पुस्तकं वाचून. कुणाचा शिष्य नाही.

आजपासून सासऱ्यांचा स्टिरिओ रिसीव्हर. वय अडतीस. ते गेल्यावर सौ.ने माहेरून एवढी एकच वस्तू आणली. रोज संध्याकाळी लावून बसते. हल्ली त्यात "आवाज येतो" म्हणते. म्हटलं, आवाज यावा म्हणूनच तो घेतात. हसली नाही. बाजारातल्या रिपेअरवाल्याकडे देऊ म्हणाली. साफ नकार. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला तयार.

सोमवार, ५

तक्ता केला. खरखर: व्हॉल्यूमचा कंट्रोल मळलाय. घूं: पॉवर सप्लाय. चटचट: सुटलेलं सोल्डर. शूं: ट्रान्झिस्टर थकलाय. नेमका शब्द कळला की निम्मं काम झालं.

लेकीला विचारलं. म्हणे, कुणीतरी पंखा चालू ठेवून गेल्यासारखं वाटतं. बी.एस्सी. झालेली मुलगी! सौ.ला चार वेळा विचारलं. शेवटी म्हणाली, खरखर लिहा हवं तर, पण मला भाजी चिरू द्या. खरखर लिहिलं.

मी स्वतः ऐकून ठरवत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने ऐकू नये, मन कलुषित होतं.

बुधवार, ७

स्प्रे मारून कंट्रोल साफ केला. मग स्पीकरला कान लावला. चिडीचूप. सौ. म्हणते, जैसे थे. हे ती स्वयंपाकघरातून म्हणते. तिथून काय कळणार?

शनिवार, १०

शास्त्रीय चाचणी. रिसीव्हरपुढे चादर टांगली. स्टेशन न लावता मी मागून चालू-बंद करायचं, त्यांनी ओळखायचं. सौ.: वीसपैकी वीस. लेक: वीसपैकी वीस.

निष्कर्ष: संगनमत.

रविवार, ११. संध्याकाळी ६

चौदा कपॅसिटर बदलले. एक ट्रान्झिस्टरही, सावधगिरी म्हणून. माझ्या मते पूर्ण शांतता. सौ.च्या मते शूं वाढलं, शिवाय घूं नवीन. लेक म्हणाली, बाबा, बिचारं एकटं होतं, तुम्ही जोडीदार आणून दिलात.

मुदत वाढवली. सौ.ने आज रिसीव्हर लावला नाही. नुसतीच खिडकीशी बसून राहिली.

गुरुवार, १५

पाठ धरलीय. बोटाला चटका. तक्ता स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिला. कधी होणार, असं आता कुणी विचारत नाही. विचारायचे तेव्हा बरं होतं.

शनिवार, १७. दुपारी

रिपेअरवाला घरी आला. बोलावणं सौ.चं. पेटी उघडून त्याने विचारलं, हे कपॅसिटर कुणी लावले. सौ. म्हणाली, आधीच्या मेकॅनिकने. मी छताकडे पाहिलं.

मी घातलेला ट्रान्झिस्टर उलटा होता म्हणे. तो काढला, दुसरा घातला, अर्थिंगची वायर घट्ट केली. चाळीस मिनिटं. सौ. आणि लेक ऐकून खूश. मी लगेच उठलो नाही. त्याने सामान आवरलं, मग म्हणाला, साहेब, तुम्हीही एकदा खात्री करून घ्या.

मी कान लावला. प्रामाणिकपणे सांगितलं की अगदी बारीक शूं अजून आहे, डाव्या बाजूला.



"अहो," सौ. म्हणाली, "त्याचा प्लग काढलेला आहे."

रिपेअरवाला गेल्यावर सौ. माझ्या शेजारी येऊन बसली. काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय? मग तिने मोठ्याने सांगितलं. "दोन वर्षं मला वाटत होतं, तुम्ही मुद्दाम उत्तर देत नाही."

एवढ्या मोठ्याने सांगण्यासारखं ते वाक्य नव्हतं.

मंगळवार, २०

कान तपासले. दोन्हीकडे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. वय म्हणे. (अडतीस नव्हे, चौपन्न.)

नमुना म्हणून कानात यंत्र बसवून दिलं, पाच मिनिटं. सौ.ने मागे उभं राहून हळूच विचारलं, जाताना चहा घ्यायचा का. मी वळून हो म्हणालो. ती इतकी का हसली, ते इथे लिहीत नाही.

नंतर खोली शांत झाली आणि दोष सापडला. यंत्रातच शूं. स्वच्छ, दोन्ही बाजूंना. तपासणाऱ्या बाईंच्या निदर्शनास आणून दिलं. त्या म्हणाल्या, तो आमचा एसी. दुरुस्तीवाले सगळे सारखेच, खापर दुसऱ्यावर. मी यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

जिना उतरताना सौ. काहीतरी म्हणाली. रस्त्यावर गाड्या होत्या. मी "काय?" विचारलं नाही. चहा राहिला.

नोंदीसाठी: दोन्ही कानांच्या यंत्रांची जोडी, दोन वर्षांची हमी, वर्षभराच्या बॅटऱ्या फुकट. मी नको म्हणालो. एकतीस हजार पाचशे.