तिसऱ्या डब्याविरुद्धची तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
इमारत देखभाल कार्यालय

विषय : भिंतीतील जुनी टीव्ही केबल न तोडण्याबाबत व अर्जदाराची आधीची तक्रार रद्द समजण्याबाबत.

संदर्भ : १) जुन्या केबल काढण्याची आपली नोटीस. २) अर्जदाराचा मागील अर्ज व त्यावर निरीक्षकांचा शेरा.

महोदय,

१. अर्जदार तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगतच्या घरात राहते व छापखान्याची मुद्रिते घरी आणून तपासते. अर्जदाराचे दिवंगत पती केबल टाकण्याचे काम करीत. या इमारतीतल्या बहुतेक भिंतींतून त्यांनीच तारा नेल्या. कुठली तार कुठे जाते हे फक्त त्यांना ठाऊक होते, आणि ते सगळे ते बरोबर घेऊन गेले.

२. पती गेल्यावर सासूबाईंनी मागच्या खोलीत अंथरूण धरले. इंटरनेट पुढच्या खोलीत. मधल्या जाड भिंतीपुढे वायफायने हात टेकले व सासूबाईंना बहिणीशी व्हिडिओवर बोलता येईना. तेव्हा नेटवाल्याने तोडगा काढला, की टीव्हीची जुनी केबल भिंतीत पडूनच आहे. तिच्या दोन्ही टोकांना एकेक डबा लावला की नेट तिच्यातूनच मागे जाईल. तसे केले. भिंत फोडावी लागली नाही आणि सासूबाईंची बहीण पहिल्याच दिवशी स्पष्ट दिसली व अखंड बोलली.

३. डबे दोनच बसवले, तथापि मोबाइलवर नेटच्या जोडणीच्या यादीत तीन दिसू लागले. तिसरा दुपारी चहाच्या वेळी जोडला जाई व चहा संपला की निघून जाई. कोणीतरी फुकटात नेट वापरते अशी अर्जदाराची खात्री झाली. वरच्या-खालच्या घरांत विचारले. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. खालच्या काकू तर अजून बोलत नाहीत. मग पासवर्ड बदलला. नवा कोणालाही दिला नव्हता. पाठ व्हावा म्हणून स्वयंपाकघरात एकदा मोठ्याने म्हटला होता, एवढेच. दुसऱ्या दिवशी तिसरा डबा वेळेवर हजर.

४. म्हणून मागील अर्ज केला. आपले निरीक्षक आले, यंत्र लावून त्यांनी तारेचा माग काढला. एक फाटा मागच्या खोलीतून बाहेरच्या भिंतीपर्यंत जातो व तेथे कापलेला आहे. "बाई, तार इथे संपते. पुढे काहीच नाही," असे ते म्हणाले. त्यांच्या हातातले यंत्र मात्र पलीकडचा डबा चालू दाखवत होते. ते चहा अर्धा टाकून उठले. शेऱ्यात त्यांनी "आक्षेपार्ह काही आढळले नाही" असे लिहिले आहे. त्याच भिंतीवर काम करताना अर्जदाराचे पती शिडीवरून पडले, हे त्यांना ठाऊक नसावे.

५. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या कित्येक महिन्यांनी हसल्या. "अगं, राहू दे की त्याला. तो कुठे कुणाचं काय खातोय?" म्हणाल्या. त्यानंतर दुपारी चहाच्या वेळी त्या बहिणीचा फोन घेईनाशा झाल्या. पडद्यावर कोणी नसे, तरी त्या बोलत. मध्येच थांबत, मान हलवत, पुन्हा बोलत. अर्जदार दाराशी उभी राहून ऐके. गेल्या महिन्यात सासूबाई वारल्या.

६. आता आपण सोमवारपासून तारा ओढून काढणार आहात. तारेचे बाहेर आलेले टोक वाईट दिसत असल्यास अर्जदार ते भिंतीच्या रंगात रंगवून देईल. तिसरा डबा विनापरवाना असल्यास तो अर्जदाराच्या नावे नोंदवावा. त्यास रहिवासी धरावे लागत असेल तर तसेही धरावे, अर्जदाराची हरकत नाही.

महोदय, आता खरे सांगते. त्या खोलीत जायची मला भीती वाटते. तरी रोज दुपारी मी तिथे चहा घेऊन बसते. तो येतो. आईशी त्याचे सगळे बोलून झाले, माझ्या तोंडून मात्र अजून एक शब्द फुटलेला नाही. तार कायमची ठेवणे आपल्या नियमात बसत नसेल, तर माझे बोलून होईपर्यंत तरी ती तोडू नये.

सोबत : नोटिशीची प्रत, मागील अर्जाची प्रत, आडवी रेघ मारून.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
अर्जदार, तिसरा मजला
दिनांक : १४ नोव्हेंबर