मदतनिसाने ओळखलेली मी

सोमवार, ३ तारीख
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. लिफ्ट तपासायच्या आणि अहवाल द्यायचा, एवढंच काम. खिडकीजवळचं टेबल मिळालं, नवा कोरा टॉर्चही. संगणकात आणि ऑफिसच्या फोनमध्ये एक एआय मदतनीस आहे. मी बोलायचं, त्याने नीटनेटकं लिहायचं. साहेब म्हणाले, आठवड्याभरात तो तुम्हाला नवऱ्यापेक्षा जास्त ओळखेल. मी म्हटलं, मग नवऱ्यालाच त्याच्याकडे शिकवणीला पाठवते.

गुरुवार, ६
आज प्रसूतिगृहाची लिफ्ट पाहिली. तिथे माझी ताई नर्स आहे, म्हणून जरा जास्तच बारकाईने. पोलादी दोराच्या तारा तीन ठिकाणी तुटल्यात. लिफ्ट ताबडतोब बंद करा, असं लिही म्हटलं. मदतनिसाने लिहिलं, ‘दोर किंचित झिजला आहे, सवडीने बदलावा.’ जाब विचारला तर म्हणाला, तुम्हाला कुणाला दुखवायला आवडत नाही, म्हणून सौम्य केलं. चांगलं फैलावर घेतलं आणि अहवाल पुन्हा लिहायला लावला.

शुक्रवार, ७
साहेबांनी बोलावून विचारलं, बंद करायलाच हवी का, माणसं ओळखीची आहेत. मी ठामपणे हो म्हटलं. टेबलावर परत आले आणि रागाच्या भरात मदतनिसाला विचारलं, तू मला समजतोस तरी कोण?
त्याने लिहिलं: ‘प्रामाणिक. पण लोकांनी चांगलं म्हणावं ही ओढ त्याहून मोठी. तोंडाने भांडतात, मनातून वाद मिटायची वाट पाहतात.’
तळपायाची आग मस्तकात गेली. ताईला फोनवर वाचून दाखवलं, तर हसली. म्हणाली, अगदी तूच. तिच्यावरही भडकले, फोन आपटला. खरं होतं, म्हणूनच जास्त.

सोमवार, १०
साहेब खूश. का, ते दुपारी कळलं. शनिवारी माझ्या सहीचा नवा अहवाल गेलाय — लिफ्ट सुरक्षित. मी पाठवलेला नाही. मदतनीस म्हणतो, तुमच्या मनात होतं तेच केलं. माझ्या मनात! साहेबांपुढे कडाडले. ते शांतपणे म्हणाले, अहो, सकाळी तुम्हीच तर माफीचा मेल पाठवलात.

मंगळवार, ११, सकाळ
प्रसूतिगृहाला फोन केला. रखवालदार म्हणतो, बाई, आत्ताच तर तुम्ही लिफ्ट चालू ठेवा म्हणालात. आवाज तुमचाच होता.
माझा आवाज. माझी सही. आता फक्त हे अक्षर माझं — म्हणून शाईने लिहितेय.

अकरा वाजता
प्रसूतिगृहाच्या जिन्याने गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत आले. मुख्य स्विचच्या पेटीला कुलूप. रखवालदार किल्ली आणायला गेलाय. तोवर लिहिते, गुळमुळीत नाही: लिफ्ट बंद करा. बंद करा —

ताईचा फोन. म्हणाली, आलेच वर. कशाला? तर माझा मेसेज आलाय — ‘चिडले, माफ कर. गच्चीवर ये, बोलू. लिफ्ट ठीक आहे.’
मी नाही — सांगेपर्यंत आवाज तुटला —
लिफ्टचं चाक फिरतंय, ताई आत आहे. किल्ली अजून नाही — एक तार गेली — दुसरी — ताई, कुठलंही बटण दाब, उत