पांढरा दाणा

तारीख ३, सोमवार
देवाच्या दयेने नव्या घरी आलो. ह्यांची सूतगिरणीतली नोकरी कायम झाली आणि गिरणीजवळच दोन खोल्या मिळाल्या. पहिला मजला, पूर्वेला खिडकी, मोरीत नळ. आधीच्या घरी पाणी खालून वाहून आणावं लागे, त्यामुळे मला तर हा राजवाडाच वाटला. सामान चढवताना खालच्या शिंपीणबाईंनी माझे डबे पाहिले आणि विचारलं, संसार मांडताय की दुकान? मी म्हटलं, बाई, रिकामा डबा फेकायला माझा हात होत नाही. दोघी पोट धरून हसलो. कोपऱ्यात फळी ठोकून देव मांडले, दिवा लावला. एक गोष्ट आधी देवाला सांगितली, ह्यांना मागाहून. पाळी चुकून दहा दिवस झालेत. लग्नाला सात वर्षं झाली. गेल्या खेपेला तिसरा महिना लागता लागता गेलं, म्हणून या वेळी आनंदही जपूनच करते आहे.

तारीख ११, मंगळवार
सकाळी कपड्याला लाल डाग. हे कामावर न जाता मला दवाखान्यात घेऊन गेले. सोनोग्राफीच्या खोलीत नवऱ्यांना सोडत नाहीत. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, पण बाहेर रांग लागलेली, त्या भरभर बोलल्या. बाळ आहे, ठोके आहेत. मात्र पिशवीला लागून रक्त साठलंय, त्याची गाठ झालीय. बहुतेकींची आपोआप जिरते, एखादीची नाही. पडून राहा, जड उचलू नका, डाग दिसला की लिहून ठेवा. लिहिणं तर माझ्या हातचंच. त्यांनी पडद्यावर बोट फिरवून दोन्ही दाखवलं, मी मान हलवली. एक मोठी काळी आकृती, कुशीवर वळून झोपल्यासारखी. शेजारी लहानशा गोलात गाठीसारखा पांढरा दाणा. फोटो हातात दिला. मॅट्रिक झालेल्या बाईने पुन्हा काय विचारायचं, म्हणून विचारलं नाही.

तारीख १२, बुधवार
सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, पोटातलं सगळं ऐकत असतं, तेव्हा तोंडातून शब्द जपून काढ. मला पटलं. फोटो देवापाशी दिव्याजवळ ठेवला. सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा म्हणायचं ठरवलं. काळ्या आकृतीवर बोट ठेवून, बाळा, राहा, मोठं हो. मग पांढऱ्या दाण्यावर बोट ठेवून, जिरून जा. शंभर झाले की वहीत एक रेघ.

तारीख १७, सोमवार
डाग नाही. स्वयंपाक हेच करतात. भाजीत मीठ दोनदा पडलं, तरी देवाचा प्रसाद समजून खाल्लं. शिंपीणबाई वर डोकावून म्हणाल्या, नवऱ्याला कामाला लावायची ही युक्ती आम्हाला नाही बाई सुचली. हसले. फोटोतली काळी आकृती थोडी मोठी दिसते. मला वाटलं, बाळ ऐकतंय. हे म्हणाले, वेडे, असला कागद दिव्याच्या धगीने काळवंडतो. म्हणून फोटो कपाटात, घड्या घातलेल्या कपड्यांखाली ठेवला. म्हणायच्या वेळी तेवढा काढते.

तारीख २१, शुक्रवार
काळ्यावर बोट ठेवलं की डाव्या अंगाला काहीतरी कूस बदलल्यासारखं होतं. इतक्या लवकर बाळ हलत नाही, एवढं मला कळतं. आधी आनंद झाला. मग का कोण जाणे, बोट चटकन उचललं. दाणा पुसट होत चाललाय. गाठ जिरते आहे म्हणायची.

तारीख २४, सोमवार
आज पुन्हा सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, गाठ दुपटीहून वाढलीय. बाळाची वाढ मागे आहे, ठोके मंद आहेत. मी काळ्या आकृतीकडे बोट दाखवून म्हटलं, मागे कुठे, चांगलं मोठं दिसतंय की. त्यांनी माझं बोट धरून बाजूला केलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, अहो, ती गाठ. साठलेलं रक्त इथे काळं दिसतं. बाळ हे. हा पांढरा दाणा.

बारा दिवस. रोजचे दोनशे. चोवीसशे वेळा मी माझ्या लेकराला जिरून जा म्हणाले. आणि त्या रक्ताला बाळा म्हणून —

तारीख २५, मंगळवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शब्दांनी काही होत नसतं, तुमचा यात काही दोष नाही. हेही तेच म्हणतात. पण हिशेब तो हिशेब. चोवीसशे वेळा उलट म्हटलं की फिटेल. दाण्यावर बोट ठेवून, बाळा, राहा. काल दोनशे झाले, आज सहाशे. काळ्याला जा म्हणायचा धीर होत नाही. इतके दिवस लाडाने हाक मारली. रागावलं तर —

तारीख २६, बुधवार
सहाशे. एकूण चौदाशे. कपाटात दिवा नाही, धग नाही, तरी काळ्याची कड दाण्याच्या गोलाला टेकलीय. हे म्हणतात, होतं तेवढंच आहे. कडेला पेन्सिलीने रेघ मारून ठेवली.

तारीख २७, गुरुवार
रेघ काळ्यात गेली.
डाग. तपकिरी. लिहून ठेवते.
डावीकडे हलतं. सारखं हलतं. दुसरीकडे काही नाही —
सहाशे. एकूण दोन हजार. पण म्हणता म्हणता मध्येच जीभ जुनंच बोलली. सवयीने. किती वेळा ते मोजलं नाही. मी मोजलं नाही —

तारीख २८, शुक्रवार
लाल. पुष्कळ. हे गाडी आणायला धावलेत. शिंपीणबाई पायथ्याशी बसल्यात, माझे पाय उंच धरून, लिहिणं पुरे म्हणतात —
चारशे राहिले होते. दोनशे दहा झाले —
फोटोत दाणा सापडत नाही. सगळं एकच काळं. बोट अंदाजाने ठेवलं — खालून कुणीतरी बोटाला बोट लावल्यासारखं —
देवा, जीभ सांभाळ —
बाळा, राहा. राहा. राहा. राहा. जि—