सुटलेल्या पुरवण्या

प्रिय घुम्या,

तुझं अक्षर पाहून वर्षं झाली, आणि माझं तर आता सहीपुरतंच उरलंय. कुलगुरू झाल्यापासून मी काही लिहीतच नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्याखाली कोंबडीचे पाय काढतो. गेल्या आठवड्यात मात्र सहीला आलेली एक फाइल टेबलावरून हलेना. तुझी. यंदाच्या शिक्षक-सन्मानासाठी तुझ्या चाळीस जुन्या विद्यार्थ्यांनी तुझं नाव सुचवलंय, आणि त्यावर कार्यालयाची टीप आहे: सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा, सबब नाव वगळावे. ‘सबब’ या शब्दाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मग आठवत बसलो. आपण एकाच दिवशी कॉलेजात रुजू झालो, दोघांत एकच टेबल, एक खण तुझा, एक माझा. पहिल्याच तासाला तासाभराचं सगळं मी वीस मिनिटांत संपवलं आणि घामाघूम होऊन बाहेर आलो, तेव्हा तू एवढंच म्हणालास, की उरलेल्या वेळात काय कळलं नाही ते त्यांना विचारायचं. माझं सगळं शिकवणं त्या एका वाक्यावर उभं राहिलं, आणि भाषणांत मी ते माझंच म्हणून खपवत आलोय. घरी मात्र कुणी फसत नाही. बायको पाहुण्यांना सांगते, यांना नाकावरचा चष्मा सापडत नाही आणि हे म्हणे विद्यापीठ सांभाळतात.

चढत कसा गेलो म्हणशील, तर विभागप्रमुख व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झालो. प्राचार्य व्हायची मात्र हौस होती, उगाच खोटं कशाला बोलू? पुढे परीक्षा-नियंत्रक झालो. त्या खुर्चीत पहिल्या दिवशी बसलो तेव्हा हार घालायला माणसं उभी होती आणि मी आधी टेबलाचे खण उघडून पाहत होतो. मी, आणि परीक्षा-नियंत्रक! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तीस वर्षांपूर्वी त्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आपल्या दोघांच्या नावावर होता. सगळ्यांचा पाचवा प्रश्न सलग तपासला तरच न्याय होतो, हे माझं खूळ. त्यासाठी मी पुरवण्यांचे दोरे सोडायचो. दोरे सोडू नकोस, असं तू दोनदा बजावलंस. एका मुलीच्या दोन पुरवण्या माझ्या खणात वर्तमानपत्राखाली राहिल्या आणि ती नापास झाली. सापडल्या तेव्हा निकाल लागून आठवडा झाला होता. तिचे गुण दुरुस्त झाले, पण टेबल दोघांचं, म्हणून प्राचार्यांनी दोघांना उभं करून विचारलं, हे कुणाचं काम? माझी प्रपाठकपदाची मुलाखत चार दिवसांवर होती, आणि ते तुला ठाऊक होतं. तू “माझं” म्हणालास. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. शेरा तुला मिळाला, तुझी बढती अडली ती अडलीच. मी नवा शर्ट घालून मुलाखत देऊन आलो. नंतर तू कधी विषय काढला नाहीस, आणि मी तर काढणारच नव्हतो. तीस वर्षं तुझ्या आडोशाला बसून मी मोठा झालो, मित्रा. मला त्याची लाज वाटते.

परवा त्या शेऱ्याखाली मी माझ्या हातानं सगळं लिहिलं: दोरे कुणी सोडले, गप्प कोण बसलं, तारखेसकट. उद्या सकाळी व्यवस्थापन परिषदेत ते वाचून दाखवणार आहे. निवृत्तीला आठ महिने उरलेत, म्हणजे यात शौर्य फारसं नाही, हेही कळतंय. फोन का केला नाही, असं विचारशील. केला असता तर तू म्हणाला असतास, जाऊ दे रे, झालं गेलं गंगेला मिळालं. आणि मी ते लगेच ऐकलं असतं. मी स्वतःला चांगला ओळखतो. म्हणून हे पत्र आज टपालात टाकतोय. तुझ्या हातात पडेल तेव्हा सभा होऊन गेलेली असेल.

तुझाच,
उशिरा का होईना