बर्फाच्या पेटीतलं अळू

वेसावे कोळीवाडा, अंधेरी

चि. सौ. नेत्रा हिला बाबांचे अनेक आशीर्वाद, जावई विपुलरावांना नमस्कार. तुझी आणि पोटातल्या पाहुण्याची तब्येत उत्तम असेल. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. (तुझी आई माझ्याशी बोलत नाही, पण ते पुढे येईल.) बाळंतपणाला तू आईला बोलावलंस, छान केलंस. मी समुद्र सोडून कुठे जात नाही, हे तुला ठाऊकच आहे.

कॅनडातल्या तुझ्या परसात काय लावायचं ते बाबांनी ठरवावं, असं तू म्हणालीस. ही जबाबदारी मी गंभीरपणे घेतली. आराखडा काढला: दारापाशी तुळस, कुंपणाला कढीपत्ता, कडेला ओवा आणि न्हाणीच्या पाण्यावर अळू. (विपुलराव म्हणाले, तिथे न्हाणीचं पाणी बाहेर येत नाही. मग जातं कुठे, हे त्यांनाही सांगता आलं नाही.) हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, असंही ते म्हणाले. आता वेसाव्यात जन्म काढलेल्या माणसाला थंडी ठाऊक ती एकाच ठिकाणची, मासळीच्या पेटीतली. म्हणून तुझ्या आईच्या पेटीत खाली बर्फ, मधे अळू, ओवा आणि कढीपत्त्याची रोपं, वर पुन्हा बर्फ, असा मी घरातच कॅनडा तयार केला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळी हिरवीगार! आपल्याकडे बापजाद्यांपासून पारख एकच, बर्फातून ताजं निघालं की माल चांगला. मी तिन्ही रोपं पास केली आणि झाकण लावलं. आईने त्याच पेटीत वर पापलेटं रचली आणि बाजारात नेली. गिऱ्हाइकासमोर खोल हात घातला तर हाती कढीपत्ता आला. त्या बाईंनी तो मासळीबरोबर फुकट मागून घेतला, आणि आता बाकीच्याही रोज मागतात. "मी म्हावरा इकू का भाजी?" एवढंच बोलून आईने जे तोंड मिटलं, ते अजून उघडलेलं नाही.

उरलेली रोपं तिने ओट्यावर आपटली. ऊन लागलं तसं अळू काळं पडलं, उकडल्यासारखं लिबलिबीत झालं. नेत्रा, ती रोपं पेटीतच मेली होती गं. बर्फाने ती नुसती ताजी दाखवली. मला फार वाईट वाटलं, आणि ते अळूसाठी नव्हतं. तू फोनच्या पडद्यावर रोज ताजीतवानी दिसतेस, मी 'पोरगी मजेत आहे' म्हणतो आणि जेवायला बसतो. तिथे तुला करमतं का? खरं कळव.

नवा आराखडा असा. अळू रद्द. बर्फ वितळून गेला की मेथी, पालक आणि भरपूर शेपू (बाळंतिणीला तो लागतोच). तुळस कुंडीत, थंडीत ती घरात घ्यायची. जमीन मात्र खोल खणावी लागेल. तू वाकायचं नाहीस, आईचे गुडघे दुखतात, आणि विपुलरावांच्या कमरेला पट्टा आहे.

तुझा बाबा,
चंदर

ता. क. आईची बॅग भरून झाली. तळाशी सुका जवळा आहे. मी काही पाहिलेलं नाही.

दुसरा ता. क. समुद्र सोडून जाणार नाही, हे मी अख्ख्या कोळीवाड्यासमोर बोलून बसलोय, त्यामुळे ते तसंच आहे. पण तिकडे खणायला माणूस मिळत नाही, असं तू हे वाचलंस की फोनवर आईला सांग. जरा मोठ्याने सांग. मी बाजूलाच बसलेला असेन.