मग्दालीयेची पावती

रवि. ९ मार्च
इथल्या परदेशी रीतीने, उन्हाळ्यासाठी घड्याळ रात्रीतून तासभर पुढे सरकलं. दुपारची मराठी उपासना, तरी निम्मी मंडळी उशिरा. उपासनेनंतर आमच्या चर्चचे ज्येष्ठ पंच शांतवनभाऊ चहाचा कप घेऊन आले. "वहिनी, ईस्टरला तुमचं कीर्तन धरलंय. मग्दालीयाच घ्या. दोन वर्षं झाली, मंडळी रडलेली नाही."
हो म्हटलं. अण्णांचं आख्यान ते, पापातून उठून प्रभूमागे गेलेल्या मरीया मग्दालीयेचं. माझे वडील नगरकडे मास्तर होते, सुट्टीत गावोगाव ख्रिस्ती कीर्तनं करायचे. वहीची पानं सुटायला लागलीत. या निमित्ताने नव्या वहीत उतरवून घेते. दुकानातून दिवाळीला फुकट मिळालेली डायरी कोरीच पडली आहे, तीच घेईन. विकत कशाला.

मंगळ. ११ मार्च
उतरवायला घेतलं. प्रत्येक ओळीपुढे समासात वचनाचा आधार लिहितेय, म्हणजे पुढे रिबेकाला, माझ्या नातीला, उपयोगी पडेल. तिने वाचलं तर.
लग्नापासून घरखर्चाची वही अशीच लिहिते. पावती असेल ते शाईने, नसेल ते पेन्सिलने. पावती मिळाली की वरून शाई. मॅट्रिकला गणितात जेमतेम पास, पण पावतीशिवाय नोंद केली नाही कधी.
नमन झालं, पूर्वरंग झाला, सगळं शाईने. मग ती साकी आली, जिच्यावर लोक रडतात:

सोडुनि केस मरीया पायी, आसवांत ती लोळे
पापाची ती रास धुवाया पुरतिल का हो डोळे

हिचा आधार लिहायला शास्त्र, आपलं बायबल, उघडलं. लूकचं शुभवर्तमान, सातवा अध्याय. बाई आहे. आसवं आहेत, केस आहेत, सुगंधी तेल आहे.
नाव नाही.

बुध. १२ मार्च
पुन्हा पाहिलं. चष्मा बदलून पाहिलं. नाव नाहीच. "पापी स्त्री" एवढंच, गावातली कुणीतरी. साकी पेन्सिलने लिहिली. 

शुक्र. १४ मार्च
तीन दिवस दुसरं काही सुचलं नाही. आमटी करपली. हे म्हणाले, "आज उपवास आहे का?" यांना ताक-भात दिला.
वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे अण्णा काय म्हणतात, उजवीकडे शास्त्र काय म्हणतं.
ती मोकळ्या केसांची रडणारी बाई? निनावी. व्यभिचारात धरून आणलेली? तीही निनावी. तेल ओतणारी दुसरी? ती मार्थाची बहीण, बेथानीची मरीया. गाव वेगळं, घर वेगळं.
मग्दालीयेचं नाव लूक पहिल्यांदा आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला घेतो. आधीची बाई सातव्याच्या शेवटी. मध्ये फक्त अध्यायाचा आकडा! वाण्याच्या बिलावर तूरडाळीखाली साबण लिहिला, म्हणून काय डाळीला फेस येतो?
आणि उजव्या रकान्यात तिचं काय काय निघालं. सात भुतं निघाली होती, म्हणजे दुखण्यातून उठलेली. प्रभूबरोबर गावोगाव फिरली. स्वतःच्या गाठीच्या पैशाने सगळ्यांचा खर्च चालवला, ती आणि आणखी काही जणी. एवढी तेरा माणसं जेवत होती कशावर, हा प्रश्न मला, घर चालवणाऱ्या बाईला, कधी पडू नये! वधस्तंभापाशी होती. प्रभूला कुठे ठेवलं ते पाहून ठेवणारी ती. अंधार असताना कबरेकडे गेली. कबरेतून उठलेल्या प्रभूने पहिलं तिला नावाने हाक मारली, आणि निरोप दिला तोही तिच्याकडेच.
सगळं शाईने.
रिबेकाला सांगितलं. ती म्हणाली, "वेट, आजी, मग हे कोणी स्टार्ट केलं?" म्हटलं, फार जुन्या काळी कुण्या मोठ्या धर्मगुरूने प्रवचनात वेगवेगळ्या बायका एक करून टाकल्या म्हणे. "अँड नोबडी चेक्ड?"
नाही बाई. तुझ्या आजीनेसुद्धा नाही. चाळीस वर्षं पदर खोचून तिचे केस मोकळे सोडतेय मी.

शनि. १५ मार्च
सकाळी हे पेटी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "आणि त्या रश्मीचं काय?"
ऐकू आलं नाही असं केलं. ऐकू आलं होतं.

रवि. १६ मार्च
लिहून टाकते. रश्मी नागपूरची, इथे कंपनीत नोकरी. माझ्या कीर्तनात टाळ तीच धरायची, काय ताल मुलीचा! चार वर्षांपूर्वी तिचा घटस्फोट झाला. भगिनी मंडळाच्या सभेत मी माइकवर प्रार्थना केली, हे प्रभू, मग्दालीयेला उचललंस तसं आमच्या या लेकीलाही तिच्या पापातून उचल. नाव घेऊन. ती समोर बसलेली. मला वाटलं, केवढं प्रेमाने बोलले. बायकांनी डोळे पुसले.
त्यानंतर ती आली नाही. मी म्हणायची, नोकरीचा ताण असेल.
पावती मागितली होती का मी? काय झालं, कोणी केलं, एक शब्द विचारला होता?

मंगळ. १८ मार्च
गेले. स्टेशनजवळ अपार्टमेंट, चालत पंचवीस मिनिटं. सून म्हणत होती ड्राइव्ह करते, नको म्हटलं. चालताना बोलायचं ठरवता येतं.
दार उघडलं आणि "काकू?" एवढंच. आत घेतलं. चहा केला, माझ्यासाठी बिनसाखरेचा. लक्षात होतं तिच्या!
वही दाखवली, दोन्ही रकाने. तिने सगळं वाचलं. मग हसली, पण कशी, काय सांगू.
"म्हणजे मग्दालीयेला क्लीन चिट मिळाली. अभिनंदन तिचं."
म्हटलं, चुकले गं मी. न विचारता बोलले.
"तो दीड वर्ष दुसरीकडे राहत होता काकू. मी शेवटी कागदावर सही केली. माझं पाप तेवढं."
मी हात जोडले. तिने माझे हात खाली केले. म्हणाली, "प्रार्थना माइकवर, आणि माफी माझ्या किचनमध्ये?"
 खरंच होतं. म्हटलं, मग माइकवर मागते, ईस्टरला.
"माझं नाव घ्यायचं नाही. पुन्हा माझ्यावर प्रवचन नको."
"नाही घेणार."
"आणि मी येणार नाही."
"नको येऊ."
परत येताना चढ लागला, पण पाय हलके.

रवि. २३ मार्च
शांतवनभाऊंना सांगितलं, आख्यान बदलतेय. भर पार्किंगमध्ये वाद.
"वहिनी, सात भुतं म्हणजे सात पापं. लहानपणापासून ऐकतोय."
म्हटलं, शास्त्रातल्या त्या गदरेकराच्या अंगात तर भुतांची अख्खी फौज होती, डुकरांत घालावी लागली. त्याला कुणी वाईट चालीचा म्हटलं? तो झाला साक्षीदार. आणि सात निघाली ती बाई बदनाम?
भाऊ म्हणाले, "तुमचे अण्णा काय कमी शिकलेले होते?"
ते लागलं. अण्णा दिव्याखाली बसून वही लिहायचे, आम्ही भोवती. त्यांच्या अक्षरावर पेन्सिल चालवताना मला काय सुख होतं?
गाडीत हे म्हणाले, "अण्णांनीच शिकवलं ना तुला पावती मागायला?"
हो. त्यांनीच. शाळेच्या खडूचासुद्धा हिशोब ठेवायचे.

शनि. ५ एप्रिल
जुन्या साकीच्या जागी नवी हवी. आठवडाभर जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून लिहून पाकिटं संपली. तीन चरण झाले, चौथा बसेना. 'पहाटे'ला यमक मिळेना. कणीक तिंबता तिंबता म्हणत होते. हे पेपरातून म्हणाले, "वाटे घाल की. प्रसाद वाटतात तसं." आयुष्यात कविता वाचली नाही या माणसाने!

दार लावुनी शिष्य बैसले, मरिया निघे पहाटे
जिवंत प्रभु तो पहिली वार्ता तिच्या हातुनी वाटे

सव्वीसदा म्हणून पाहिली. बसते.

रवि. १३ एप्रिल
झावळ्यांचा रविवार. मुलांनी झावळ्यांनी तलवारबाजी केली. पंचमंडळीची बैठक झाली म्हणे. शांतवनभाऊ निरोप घेऊन आले, तोंड उतरलेलं. "जुनं आख्यान म्हणा, नाहीतर या वर्षी कीर्तन कॅन्सल करू आणि नुसती गाणी ठेवू."
"भाऊ," म्हटलं, "जुन्यापासूनच सुरुवात करते. चालेल?"
"चालेल, चालेल!" जीव भांड्यात पडला त्यांचा.
खोटं नाही बोलले. सुरुवात जुन्यापासूनच आहे.

शुक्र. १८ एप्रिल
उत्तम शुक्रवार. उपास. दुपारी तीनपर्यंत कुणाशी बोलले नाही. वधस्तंभापाशी उभ्या राहिलेल्या बायकांची नावं एकदा मोठ्याने वाचली. पट्टशिष्य पेत्राचं नाव त्यात नाही. असो.

रवि. २० एप्रिल, ईस्टर
पहाटेची उपासना बाहेर हिरवळीवर, दात वाजत होते. मग हॉलमध्ये कीर्तन. मी पांढरी नऊवारी, आत थर्मल. हे पेटीवर. टाळाला मोहिते काकूंचा मुलगा, ताल बेताचाच.
नमन. पूर्वरंग. मग जुनी साकी, अण्णांच्या चालीत. मंडळी सरसावून बसली. रुमाल निघाले. शांतवनभाऊंचे डोळे मिटलेले.
थांबले. यांना हात केला, पेटी बंद.
म्हटलं, "मंडळी, मी घर चालवणारी बाई आहे. पावतीशिवाय नोंद करत नाही. या साकीची पावती मला सापडत नाहीये. अध्याय सांगा, वचन सांगा, मी पुढे म्हणते. ही केस सोडून रडणारी बाई मग्दालीया आहे, असं लिहिलंय कुठे?"
आधी हसले. मग कुणी म्हणालं, लूक सात. "वाचा." वाचलं मोठ्याने. नाव नाही. दुसऱ्याने योहान आठ काढला. नाव नाही. फोन निघाले, चष्मे निघाले, बायका एकमेकींच्या शास्त्रात डोकावायला लागल्या. जागेवरून कोणी ओरडलं, "योहान बारा!" त्याच्याच बायकोने सांगितलं, "ती मार्थाची बहीण हो, बसा." हॉलभर हशा.
माझी नजर शांतवनभाऊंवर. ते त्यांचं जाडं शास्त्र पुढेमागे चाळत होते. बोटाला थुंकी लावून, पान न् पान. हळूहळू सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.
भाऊ उठले. शास्त्र मिटलं. म्हणाले, "नाही सापडत." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, पुढे म्हणा."
प्रभू, केवढी तुझी कृपा!
उजवा रकाना सगळा म्हटला. खर्च चालवणारी, वधस्तंभापाशी थांबणारी, अंधारात निघणारी. शिष्यांना निरोप देणारी, आणि त्या प्रेषितांना ती बायकांची बडबड वाटली, हे सांगितलं तेव्हा बायकांच्या रांगा अशा काही हसल्या की यांची पेटी ऐकू येईना.
मग माइक जवळ घेतला. म्हटलं, "माझे अण्णा खोटारडे नव्हते. त्यांना दिलं ते त्यांनी प्रेमाने गायलं. पण आपण न तपासता बोलतो तेव्हा खऱ्या माणसांना लागतं. याच हॉलमध्ये, याच माइकवर मी एका बाईबद्दल देवाला जे सांगितलं, ते तिला विचारलं नव्हतं. ते खरं नव्हतं. ती चूक माझी. आज तुमच्या सगळ्यांसमोर मागे घेते." 
 मान वर केली तर मागच्या दारापाशी, कोट न काढता, रश्मी.
कधीपासून होती कोण जाणे.
नवी साकी धरली. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत सगळा हॉल म्हणत होता. तिसऱ्यांदा शांतवनभाऊ टाळ्या देत होते, लहान मुलासारखे. चौथ्यांदा उभे राहून! रिबेकाने शिट्टी वाजवली. देवाच्या घरात. वाजवू दिली.
संपल्यावर भाऊ म्हणाले, "रडवलं मात्र नाहीत हो." म्हटलं, ईस्टर आहे भाऊ, कबर रिकामी आहे, रडायचं कशाला?
जेवणाच्या रांगेत रश्मी नव्हती. कोट घालून निघाली होती. मी ताट टाकून मागे गेले, पार्किंगपर्यंत. गाडीचं दार धरून म्हणाली, "काकू, दुसऱ्या साकीत टाळ मागे पडत होता."
"माहीत आहे."
"फार मागे."
"मग ये धरायला."
गाडीत बसली. काच खाली केली. "बघते."

मंगळ. २२ एप्रिल
भावाचा फोन नगरहून. कुणीतरी व्हिडिओ पाठवलाय. "ताई, अण्णांचं बदललंस?" म्हटलं, अण्णांचंच आहे, पावती जोडली. म्हणाला, साकी लिहून पाठव, इथेही म्हणून बघतो. शांतवनभाऊंनीही एक प्रत मागितली. झेरॉक्स नको म्हणाले, तुमच्या अक्षरात द्या.
आख्यान पूर्ण उतरवून झालं. अण्णांची साकी खोडली नाही, आहे तशी पेन्सिलने राहू दिली. तिच्याखाली नवी, शाईने. समासात आधार.
पेंटेकॉस्टच्या सणाच्या भजनांची तालीम गुरुवारी सहाला, आमच्याकडे. टाळांच्या दोऱ्या झिजल्या होत्या, यांच्या जुन्या बुटांच्या नाड्या धुऊन घातल्या. छान घट्ट बसल्या.
कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकोनात लिहिलं: तालीम. चहा, चिवडा. टाळ: रश्मी.
शेवटचे दोन शब्द पेन्सिलने.